गिरणी ते विहार

पंचशील नगर, मरोळ, अंधेरी पूर्व
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

चि. माधुरी हिस धोंडिराम रोकडेचा सप्रेम जय भीम.

नावाआधी ‘सौ.’ लिहायचं का नाही, यातच माझा चहा गार झाला. हाताला जुनी सवय आहे. शेवटी ‘चि.’ ठेवलं. ते कुणाच्या जाण्याने जात नाही.

इकडे सगळं ठीक. तुझ्या सासूचा गुडघा पुन्हा धरलाय, पण जीभ ठणठणीत आहे, त्यामुळे काळजी नाही. पाणी सकाळी सव्वापाचला येतं नि सहाला जातं. दिशाचा पुढचा दात पडला असं राधा म्हणत होती. फोटो पाठव. मोठा करून बघायला जमतं मला आता.

तू म्हणशील, आबांना हे काय सुचलं? मुलुंड काही परदेश नाही, फोन करायचा. केला होता की. तीन वेळा. तू ‘बोला आबा’ म्हणालीस की मी ‘थांब, आईशी बोल’ म्हणून फोन राधाच्या हातात देतो, हे तुझ्याही ध्यानात आलं असेल. कागदावर ती सोय नाही, म्हणून कागद घेतला.

नंदकिशोर कालही येऊन गेला. आपल्या मंडळाचा सेक्रेटरी झाल्यापासून त्याच्या बगलेत फाइल नि तोंडात कायदा. म्हणतो, "आबा, धम्मपालच्या नावाची फाइल फक्त तुमच्या एका सहीसाठी अडलीय. पिठाच्या गिरणीपासून विहारापर्यंत दोनशे ऐंशी मीटर रस्ता. कुणाची हरकत नाही, वॉर्ड ऑफिसची ना नाही, माधुरीवहिनींची सही जूनमध्येच झाली. ज्या रस्त्यावर पोरगा ड्युटी करताना गेला, त्याला त्याचं नाव लागतंय, नि बापच आडवा?" संमतीच्या कागदावर दोनच रकाने आहेत, पत्नी आणि वडील. आईला रकाना नाही म्हणून राधा आधीच तापलेली. ती म्हणाली, "ह्यांच्याऐवजी माझा अंगठा घे." तो म्हणाला, तसं फॉर्ममध्ये बसत नाही.

मी त्याला सांगितलं तेच तुला सांगतो. रस्त्याला माणसाचं नाव देऊ नये. लोक पान खाऊन थुंकतात. टँकरवाले मागे घेताना पाटी वाकवतात. पावसाळ्यात बातमी येणार, धम्मपाल रोकडे मार्ग खचला, धम्मपाल रोकडे मार्ग पाण्याखाली. तीस वर्षं कंत्राटदाराकडे रस्त्याच्या कामावर मुकादमगिरी केली मी. रस्त्याचे हाल मला माहीत आहेत. आपला पोरगा लोकांच्या पायाखाली कशाला द्यायचा?

जुलैत घर सोडताना तू विचारलंस, "आबा, मी त्यांच्या जागेवर नोकरीला लागले, त्याचा तुमच्या मनात राग आहे का? म्हणून सही करत नाही का?" मी गप्प बसलो. तू दिशाला घेऊन रिक्षात बसलीस. गप्प बसले म्हणजे हो, असं तू धरलंस, नि कुणीही तेच धरलं असतं. तसं नव्हतं. नोकरी तुझ्या हक्काची आहे आणि तू ती नीट करतेस हे मी चारचौघांत सांगतो.

मी हल्ली विहारात मागच्या नाल्याच्या बाजूने जातो. लांब पडतं, पण सावली असते.

बाकी विशेष काही नाही. दिशाची छोटी सायकल पुसून ठेवली आहे. तुझ्या आईला जय भीम सांग. कागदाचं बघतो.

तुझे आबा


पंचशील नगर, मरोळ
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. माधुरी, जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही ते बरोबरच झालं. मागचं पत्र टाकून घरी आलो तर राधाने विचारलं, "लिहिलंत?" म्हटलं, लिहिलं. "काय लिहिलंत? गुडघा नि पाणी?" चव्वेचाळीस वर्षांत बाईने मला पुरतं वाचलंय, तेही शाळेचं तोंड न बघता.

ताकाला जाऊन भांडं लपवलं मी. थुंकण्याचं नि टँकरचं लिहिलं ते खोटं नाही, पण सही त्याच्यासाठी अडवली नव्हती. आज सगळं लिहितो. दिशा आसपास असेल तर ती झोपल्यावर वाच.

तिचं नामकरण आठव. पंधरा डिसेंबर २०१९, रविवार, पाच वाजता विहारात. रविवार असूनही मला सुट्टी नव्हती, कारण आमच्या कंत्राटदाराने गिरणीसमोर पाण्याच्या पाइपासाठी चर खणला होता नि सोमवारी सकाळी डांबरवाले यायचे होते. बारा फूट लांब, तीन फूट खोल. पाइप बसला होता, फक्त चर बुजवायचा राहिला होता.

चर बुजवायची एक रीत असते. वीतभर माती टाकायची, पाणी मारायचं, धुमस उचलून आपटायचा, ती घट्ट बसली की मग पुढची वीत. तीन फुटांना चार थर. कंटाळवाणं काम आहे, धुमस आपटणाऱ्याचे खांदे निघतात. पण थर चुकवला की माती आत पोकळ राहते. वरून डांबर कितीही गुळगुळीत दिसू दे, दोन पावसाळ्यांत ती बसणारच. नव्या माणसाला मी हे पहिल्याच दिवशी शिकवायचो. मोठा शहाणा होतो.

चार वाजता एक थर झाला होता. तेवढ्यात धम्मपाल मोटारसायकल घेऊन आला. पांढरा झब्बा, कडक इस्त्री. म्हणाला, "आबा, चला. भंतेजी येऊन बसलेत. पोरीचं नाव तुम्ही सुचवलं नि तुम्हीच नाही."

मी म्हटलं, "तीन थर राहिलेत. दोन तास तरी लागतील."

त्याने गाडी बाजूला लावली. गिरणीच्या पायरीवर जाऊन बसला. मधेच फोनवर कुणाशी तरी बोलत होता, पण मला त्याने पुन्हा चला म्हटलं नाही. माझ्यासाठी तो दोन तास बसला असता. घाई त्याने केली नाही, माधुरी, हे पहिलं ध्यानात ठेव. घाई मला सुटली. दोन महिन्यांची पोर मला तिथं मातीत उभ्या उभ्या दिसायला लागली. मी किरणला सांगितलं, "टाका सगळं एकदम. वरून कुटा नि चला, पेढे खायला या सगळे." किरण माझ्या टोळीतला सगळ्यात जुना माणूस. तो घुटमळला. धम्मपाल उठून जवळ आला. लहानपणी साइटवर माझा डबा आणायचा, त्याला या कामातलं सगळं कळायचं.

"आबा, पाणी नाही मारलं?"

"उद्या येऊन बघतो."

"नक्की?"

"मुकादम तू का मी?"

तो हसला. मी हातपाय धुतले नि त्याच्या मागे बसलो. पाच वाजता दिशा माझ्या मांडीवर होती. तुझ्याकडे तो फोटो आहे. माझी नखं त्यात काळी दिसतात.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने टोळीला बोरिवलीच्या कामावर पाठवलं. डांबरवाले आले नि झाकून गेले. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, त्यातच माझी साठ भरली नि मी घरी बसलो. तो ‘उद्या’ राहूनच गेला.

पहिल्या पावसाळ्यात जागा बसली. खड्डा म्हणता आला नसता, बशीसारखा खोलगट उतार. गाडी त्यावरून गेली की पुढेमागे झुलायची. धम्मपालने त्याला नाव ठेवलं, दिशाचा पाळणा. मला मागे बसवून नेताना गिरणी आली की म्हणायचा, "पाळणा आला, आबा, धरून बसा." आम्ही दोघं हसायचो. तुला बहुतेक माहीत नसेल. तू मागे असलीस की तो गाडी बाजूने काढायचा.

एकदा मात्र हसला नाही. फौजदार होऊन दोन महिने झाले होते. म्हणाला, "आबा, तो पाळणा खोल झालाय. कुणाला तरी सांगून उकरून नीट भरून घ्या. एखादा पडेल." मी म्हटलं, "मी रिटायर माणूस, मी कुणाला सांगू? आणि सांगू काय, मीच बिघडवलं म्हणून?" झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वाटलं मला. तीस वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्याने पुन्हा विषय काढला नाही. बापाची लाज राखली त्याने.

सोळा फेब्रुवारी २०२२ चं तू जे ऐकलंस, पेपरात जे आलं, ते खरं आहे. भर दुपारी तीनला बाजारात दोघांनी म्हातारीच्या गळ्यातली माळ ओढली. धम्मपाल तिथं बंदोबस्ताला होता. त्याने गाडी त्यांच्या मागे घातली. गिरणीसमोर गाडी पडली नि तो डोक्यावर आपटला. चोर पुढे सिग्नलला सापडले. पेपरवाल्यांनी लिहिलं, पाठलागात तोल गेला.

मी पोचलो तोवर त्याला दवाखान्यात नेलं होतं. गाडी आडवी पडली होती नि तिच्याभोवती पोलिसांनी खडूने रेघ मारली होती. मी त्या रेघेकडे बघत राहिलो. तीच जागा सव्वादोन वर्षांपूर्वी मी चुन्याने आखली होती. माधुरी, त्याचं चाक माझ्या चरात गेलं. रोज तो तिथं गाडी सांभाळून काढायचा. त्या दिवशी त्याची नजर पुढच्या दोघांवर होती.

हे मी कुणाला बोललो नाही. मानवंदना झाली, हवेत बंदुका उडाल्या, मोठमोठ्या साहेबांनी माझा हात हातात घेतला. दर सोळा फेब्रुवारीला मला पहिल्या रांगेत खुर्ची नि अंगावर शाल. शहिदाचा बाप. तू शेजारी बसायचीस, दिशा तुझ्या मांडीवर पेंगायची, नि मला वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, हिचा नवरा गेला, निदान सासरा तरी राहू दे हिला. हे मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. तू माझ्या ताटात भाकरी वाढतेस ते बंद होईल, याची भीती.

जूनमध्ये नंदकिशोरने कागद आणला. वर छापलं होतं, ‘शहीद पोलीस उपनिरीक्षक धम्मपाल धोंडिराम रोकडे मार्ग’. पोराचं नाव मी कसंबसं सोसलं असतं. पण मधे मी बसलोय ना. ज्या जागेवर मी फसवाफसवी केली, तिच्याच डोक्यावर निळ्या पाटीवर माझं नाव. येणारा जाणारा वाचणार नि म्हणणार, धन्य तो बाप. माझ्याने पेन धरवेना. तुम्ही सगळे विचारत राहिलात नि मी थुंकण्याच्या नि टँकरच्या गोष्टी सांगत राहिलो. त्यात तू गेलीस.

आता पुढचं. तुला पत्र टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी मी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. गिरणीसमोरचा रस्ता खचला आहे, वरवर मलम लावू नये, पाइपापर्यंत उकरून थराथराने भरावा. खाली लिहिलं, धोंडिराम रोकडे, माजी मुकादम, हा चर मीच बुजवला होता. खिडकीवरच्या बाईंनी दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं नि शिक्का मारला.

गेल्या मंगळवारी माणसं आली. मुकादम कोण, तर किरण. आता त्याची स्वतःची टोळी आहे. म्हणाला, "आबा, तुम्ही घरी जा. वरून माल टाकतो, अर्ध्या तासाचं काम."

मी म्हटलं, "खोद."

पाइपापर्यंत खोदलं. तळाची वीतभर घट्ट होती, तो आमचा पहिला थर. त्याच्यावरची माती हातात घेतली तर पिठासारखी सुटली. किरणने पण हातात घेतली. चिमटीत चोळून बघितली. मग म्हणाला, "पेढे मी दोन खाल्ले होते त्या दिवशी." आणि दुसऱ्याला न देता त्याने स्वतः धुमस उचलला.

वीतभर माती, पाणी, धुमस. पाणी मारायचं काम मी घेतलं. गिरणीवाली बाहेर येऊन म्हणाली, "आबा, या वयात?" दुसऱ्या दिवशी दुपारी राधा डबा घेऊन आली, गुडघा ओढत. तिने विचारलं, "हे काय चाललंय?" मी तिथंच, चराच्या काठावर, तिला सगळं सांगितलं. ती ऐकत उभी राहिली. मग डबा तसाच बंद केला नि घरी निघून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ताट मात्र वाढत होती. शुक्रवारी रात्री म्हणाली, "मला सांगून काय होतंय? जिचा नवरा गेला तिला सांगा. मान खाली घालून नको, तिच्याकडे बघून सांगा." तुझ्याकडे बघून सांगायचं धैर्य मला नाही. म्हणून हे.

सोबत कागद आहे. त्यावर माझी सही आहे. धम्मपालच्या नावामधलं माझं नाव मात्र मी पेनाने खोडलं आहे. ‘धम्मपाल रोकडे मार्ग’ एवढं पुरे. नंदकिशोर कुरकुर करील, त्याला तू समजाव. माझी तेवढीच मागणी आहे. कागद पुढे द्यायचा की फाडायचा, हे तू ठरव. फाडलास तरी मी कुणाला काही बोलणार नाही.

माफ कर असं लिहीत नाही. ती मागून मिळायची वस्तू नव्हे. फक्त एक कर. नामकरणाच्या दिवसाचं हे दिशाला इतक्यात सांगू नकोस. ती आपलं नाव हौसेने सांगते. मोठी झाल्यावर सांगायचं का, ते तू बघ.

रविवारी सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. वाट बघतोय असं कुणाला वाटू नये म्हणून हातात पिशवी धरतो. भाजीवाला दर वेळी फसतो, बोलावत राहतो.

‘तुझे आबा’ लिहायला आज हात उचलत नाही. नुसतं नाव लिहितो.

धोंडिराम रोकडे


मुलुंड पूर्व
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

ती. आबा, जय भीम.

पत्र बुधवारी मिळालं. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते तुमच्याने वाचवलं नसतं. दोनदा लिहिलं नि दोनदा फाडलं. एकात तर मी तुम्हाला अहो-जाहो पण केलं नव्हतं.

चिडले आहे, आबा. अजून आहे. खड्ड्यासाठी आहे, पण त्याहून जास्त गप्प बसण्यासाठी. पावणेचार वर्षांत तुमच्यासमोर मी किती वेळा म्हटलं असेल, "इतकी चांगली गाडी चालवायचे, तोल गेलाच कसा?" तुम्ही मान खाली घालून भाकरी खात होता. आणि जुलैत मी त्या रिक्षात मरोळ नाक्यापर्यंत रडत गेले, की माझ्या सासऱ्याला मी घरात नको आहे. दिशा विचारत होती, आबा रागावले का? मी तिला काय सांगितलं असेल? हो म्हटलं मी.

गुरुवारी ऑफिसला गेले नाही. घरात बसून तो फोटो काढला. तुमची नखं खरंच काळी आहेत. तो बघताना मला एक आठवलं, जे तुम्हाला ठाऊक नाही नि मी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

त्या दिवशी साडेतीनला ते मला म्हणाले होते, "आबांचं काम चाललंय, आपण सातला सुरू करू. भंतेजी थांबतील, मी विचारलंय." मी नाही म्हटलं. माझ्या माहेरची माणसं लांबून आली होती, जेवण गार होत होतं, मावशी तोंड वाकडं करून बसली होती. म्हटलं, आत्ताच्या आत्ता आबांना घेऊन या, नाहीतर तुम्हीही येऊ नका. सात फोन केले मी. गिरणीच्या पायरीवर बसून ते फोनवर बोलत होते म्हणता ना, तेव्हा पलीकडे मीच होते. ओरडत होते. त्यांनी तुम्हाला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. त्यांनी तुमची लाज राखली असं तुम्ही लिहिलंत. माझीही राखली.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. थर तुम्ही चुकवलात, मी नाही. पण मलाही हे एकटीला गिळता येत नाही, आणि सांगायला दुसरं माणूस नाही.

तुम्ही पाठवलेला कागद मी फाडला.

दचकू नका. खोडाखोड केलेला कागद सरकारात चालत नाही, एवढं मला आता ऑफिसात बसून कळतं. नंदकिशोरभाऊंकडून नवा मागवला नि त्यावर माझी सही केली. खाली पट्टीने तिसरा रकाना आखला आहे, आईंच्या अंगठ्यासाठी. कुणी म्हणालं बसत नाही, तर मी जाऊन बसवीन. आणि नाव पूर्ण छापून घेतलं आहे, मधल्यासकट.

दिशाला पहिलीत पूर्ण नाव लिहायला शिकवतायत. काल वहीत लिहिता लिहिता तिने विचारलं, "माझ्या मधे बाबा. मग बाबांच्या मधे कोण?" मी म्हटलं, आबा. ती म्हणाली, "मग आबांना सांग ना, मला लिहिता येतं." नि ‘धोंडिराम’ लिहून बघितलं. तीन वेळा खोडून चौथ्यांदा जमलं. ते पान याच पाकिटात घातलं आहे.

शुक्रवारी पाच तारखेला संध्याकाळी आम्ही दोघी येतो. सहा तारखेला दरवर्षीसारखे सगळे मिळून चैत्यभूमीला जाऊ. त्याआधी सहीचं उरकून टाकू. समोर बसून कराल, माझ्याकडे बघून, आई म्हणाल्या तसं. त्या वेळी मी काही बोलेन, कदाचित वाईट बोलेन. तुम्ही उठून जायचं नाही.

तुमची चूक मी लहान करत नाही, आबा. पण ती झाकायला तुम्ही पाटीवरून त्यांचा बापच खोडायला निघालात. तेवढा हक्क तुम्हाला नाही. त्यांना जन्मभर तुमच्याच नावाने हाक मारली लोकांनी, रोकडे मुकादमाचा पोरगा म्हणून, नि ते वळून बघायचे.

तुमच्या घरची,
माधुरी धम्मपाल रोकडे